दोन मीटर पंखाचं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान घरी बांधायचंय? आधी वजनकाटा आणा

सगळ्यात आधी किचनचा डिजिटल वजनकाटा घ्या, पाच किलोवाला, एक ग्रॅम दाखवणारा. फोम, बाल्सा (एक हलकं लाकूड), मोटार सगळं नंतर. हे पहिल्याच ओळीत सांगतोय कारण माझं पहिलं मोठं विमान मी काट्याशिवाय बांधलं, सगळं अंदाजपंचे, आणि तयार झाल्यावर भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवलं तर साडेचार किलो भरलं, आणि त्यातलं निम्मं वजन शेपटीकडं. मिरज पूर्व भागातल्या एका माळावर ते उडवलं. उडवलं म्हणजे काय, जमिनीवरून सुटलं, नाक वर, अजून वर, मग हवेत थबकलं आणि शेपटीवर बसल्यासारखं मागं मागं येत शेजारच्या उसात गेलं. दोन तास शोधलं, पानांनी हात कापले, मालक बांधावर बसून म्हणतोय, "आवं पुढच्या हप्त्यात टोळी येतीया, तोडताना घावंल की." घावलं, पण बॅटरी सोडून त्यातलं काही कामाचं राहिलं नव्हतं.

हा लेख दुसऱ्या विमानाचा आहे, जे उडतंय. मी कुपवाडला वर्कशॉपमध्ये कामाला आहे, इंजिनिअर नाही, जे सांगतोय ते हाताने केलेलं आहे. आणि एक अट आधीच सांगतो, तुम्ही छोटं एक मीटरचं फोमचं ट्रेनर (शिकाऊ विमान) कधी उडवलंच नसेल तर आधी ते करा, त्याच्याही आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर. मोठं विमान उडवायला खरंतर छोट्यापेक्षा सोपं असतं, वाऱ्यात डगमगत नाही, लांबून दिसतं, पण तीन किलोची वस्तू चुकली तर ती कुणाच्या तरी डोक्यात जाऊ शकते.

१) साइज आधी ठरवा, आणि ती बाजारात मिळणाऱ्या शीटवरून ठरवा

लोक नेटवरून प्लॅन काढतात आणि मग त्या मापाचा फोम शोधत फिरतात, उलटं करा. आपल्याकडं थर्माकोलची शीट साधारण एक मीटर बाय अर्धा मीटर मिळते आणि बाल्साची शीट एक मीटर बाय १०० मिमी. म्हणून अर्धा पंख बरोबर एक मीटर, पूर्ण पंख दोन मीटर, कुठंही लांबीत जोड नाही.

माझी मापं अशी आहेत, वहीत उतरवून घ्या. पंख २००० मिमी, रुंदी सरसकट ३०० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ६० चौरस डेसिमीटर. आडवी शेपटी ६५० बाय २००, त्यातले मागचे ६० मिमी एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी हलती पट्टी. उभी शेपटी २५० उंच आणि सरासरी २२० रुंद. पंखाच्या पुढच्या कडेपासून नाक ३५० मिमी पुढं. पंखाच्या पाव रुंदीपासून शेपटीच्या पाव रुंदीपर्यंत ८०० मिमी. एकूण लांबी १४०० च्या आसपास येते.

पंखाचा आकार क्लार्क-वाय. व्हर्जिनियस क्लार्क नावाच्या माणसाने १९२२ मध्ये काढलेला आहे, शंभर वर्षं झाली तरी शिकाऊ विमानाला याच्याएवढा समंजस आकार दुसरा नाही. खालची बाजू पुढचा तिसरा हिस्सा सोडला की सपाट आहे, म्हणजे टेबलावर ठेवून काम करता येतं, आणि जाडी ११.७ टक्के, आपल्या ३०० मध्ये ३५ मिमी. ५० मिमीच्या थर्माकोलमध्ये आरामात बसतं.

आता वजनाचं बजेट, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. पंख सर्वोसकट (हलत्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटार) ९०० ग्रॅम, बॉडी ६००, शेपटी १५०, मोटार, प्रॉप (नाकावरचा फिरणारा पंखा) आणि माउंट ३५०, ईएससी (मोटारचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) ८०, बॅटरी ५५०, चाकं आणि त्यांचे पाय २५०, रिसिव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा) आणि वायरिंग १००. बेरीज २९८० ग्रॅम. म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ५० ग्रॅम, एवढं असलं की उतरताना वेग तीसेक किलोमीटरवर येऊ शकतो, म्हणजे जुन्या लुनाचा वेग. हा कागद भिंतीला चिकटवा आणि प्रत्येक भाग झाला की काट्यावर ठेवून खरं वजन शेजारी लिहा.

२) सामान

थर्माकोलच्या दोन चांगल्या शीट, बॉडीसाठी एक्सपीएस फोमच्या शीट (खाली सांगतो), १.५ मिमी बाल्सा १५ शीट, ३ मिमी बाल्सा ५, ६ मिमी बाल्सा २, १० बाय १० च्या बाल्साच्या काठ्या आठ, ३ मिमी आणि ६ मिमी बर्च प्लायचे तुकडे, २० मिमी बाहेरच्या मापाचा एक मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियम पाइप ७०० मिमी लांब, लॅमिनेटिंग इपॉक्सी, अर्ध्या तासात सेट होणारं इपॉक्सी, पांढरा फेविकॉल, कटर आणि भरपूर ब्लेड, सॅन्ड पेपर १२० आणि २४०, मास्किंग टेप, टाचण्या.

थर्माकोल पेठेत पॅकिंगवाल्यांकडं मिळतं, पण दुकानात काटा घेऊन जा, हसू देत. ५० मिमी जाडीची एक बाय अर्धा मीटरची शीट साधारण ३७५ ते ५०० ग्रॅम भरली पाहिजे. अडीचशे भरली तर ती पॅकिंगची हलकी जात आहे, कापताना दाणे सुटतात, पंख शेवेच्या पुडीसारखा भुरभुरतो. २०१८ पासून थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरवाल्यांकडं मिळायचा तो माल गेला. पण सांगली-तासगावला एक फायदा आहे जो पुण्या-मुंबईवाल्यांना नाही, बेदाण्याची कोल्ड स्टोरेज. त्यांचं इन्सुलेशन करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडं चांगल्या घनतेच्या शीटचे उरलेले तुकडे असतात, एक्सपीएससुद्धा. चहा पाजून गोड बोललं की मिळतात.

एक्सपीएस म्हणजे तो गुळगुळीत निळा किंवा गुलाबी फोम. मजबूत आहे पण वजन थर्माकोलच्या जवळपास दुप्पट. मी पहिला पंख एक्सपीएसचा केला होता, नुसता फोमच ४६० ग्रॅम. थर्माकोलचा तोच पंख सव्वादोनशेत होतो, आणि वरून बाल्सा चढवल्यावर ताकद बाल्साची असते, आतला फोम फक्त आकार धरून ठेवतो. म्हणून पंखाला थर्माकोल, बॉडीला एक्सपीएस.

बाल्सा ऑनलाइनच मागवावा लागतो. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, जगातला बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो. एकाच पाकिटातल्या शीटच्या वजनात दीडपट-दुप्पट फरक निघतो. १.५ मिमीची शीट २० ते २५ ग्रॅम असली तर छान. आल्याबरोबर सगळ्या शीट तोला, पेन्सिलने वजन लिहा, हलक्या शेपटीसाठी बाजूला काढा, जड पंखाच्या मधल्या भागाला. आणि कपाटावर ठेवा, खाली नको. २०१९ च्या पुरात माझं खालच्या खोलीतलं सगळं सामान भिजलं, थर्माकोल तरंगत राहिलं आणि जसंच्या तसं मिळालं, बाल्साच्या मात्र पापड्या झाल्या.

एक मोठा सापळा इथंच सांगतो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन बाहेरच्या देशातून आणायला बंदी आहे, सुटे भाग चालतात. त्यामुळं परदेशी साइटवर स्वस्त दिसणारं आख्खं विमान मागवू नका, कस्टममध्ये अडकलं तर पैसेही गेले आणि विमानही. भारतातल्या हॉबी दुकानांतून मोटार-ईएससी-सर्वो सगळं मिळतं.

३) गोंद: आधी तुकड्यावर लावून बघा

हे छोटं आहे पण यात सगळे फसतात. इन्स्टंट ग्लू थर्माकोल खातो. चप्पल चिकटवायचा पिवळा गोंद पण खातो, थिनर खातो, पेट्रोल खातं, आणि स्प्रे पेंट तर असा खातो की बघत राहावं. बाल्साला बाल्सा इन्स्टंट ग्लूने चिकटवा, जिथं फोम आहे तिथं फेविकॉल किंवा इपॉक्सी. पण फेविकॉल दोन मोठ्या पृष्ठभागांच्या मध्ये लावू नका, पाणी बाहेर जायला जागा नसते, आठवड्यानंसुद्धा आत ओलं राहतं आणि बाल्सा वाकतो.

४) पंखाचा फोम कापणं

इथं वेळ द्या, पंख चांगला झाला तर बाकी चुका माफ होतात.

गरम तारेची धनुकली लागते, तार सव्वा मीटर तरी पाहिजे कारण अर्धा पंख एक मीटरचा आहे. सगळे सांगतात निक्रोमची (हीटरमधली) तार वापरा. वापरा, पण एवढ्या लांब निक्रोमला १२ व्होल्ट पुरत नाहीत, २४ लागतात. मी काय केलं, मिरजेत सतारमेकरांकडं गेलो आणि ०.३ मिमीची सतारीची स्टीलची तार आणली. सतार कोण वाजवतं विचारलं, म्हटलं विमान बनवतोय, त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि तार दिली. स्टीलचा रोध कमी असतो, त्यामुळं १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि मध्ये डीसी मोटारचा स्पीड कंट्रोलर, नॉब शून्यावरून हळूहळू वाढवायचा. थेट १२ व्होल्ट दिले तर तार लाल होऊन तटकन तुटते. आणि घरातल्या २३० व्होल्टला पंख्याचा रेग्युलेटर लावून तार तापवायचा व्हिडिओ बघितला असेल तर विसरून जा, उघडी तार आणि मेन करंट, माणूस जागेवर जातो.

तार तापली की लांबते, म्हणून धनुकलीला ताण पाहिजे. मी दोन काठ्यांच्या मध्ये आडवी पट्टी ठेवून वरच्या टोकांना सायकलची ट्यूब आवळून बांधली, जुन्या करवतीसारखं. तारेवर टिचकी मारली की सूर यायला पाहिजे, शेवटी सतारीचीच आहे ती.

साचे सनमायकाचे करा. क्लार्क-वायचा आकार प्रिंट काढून चिकटवा, कापा, कड काचेसारखी गुळगुळीत घासा, जिथं खाच राहील तिथं तार अडकते आणि फोममध्ये खड्डा पडतो. फोमची रुंदी २९० ठेवा, पुढं १० मिमीची बाल्साची पट्टी येणार आहे. दोन्ही साच्यांवर समान अंतरावर १ ते २० आकडे लिहा.

मग दोघं जण, दोन टोकांना. एकजण आकडे म्हणतो, "एक… दोन… तीन…", आणि दोघांची तार त्या त्या आकड्यावर एकाच वेळी पाहिजे. पहिल्या खेपेला मी मेहुण्याला उभा केला, त्याला घाई, माझी तार बारावर आणि त्याची सोळावर, पंख असा पिळलेला निघाला की जिलबी बरी. दुसऱ्या खेपेला आठवीतल्या मुलीला घेतलं, तिनं शाळेतल्या कवायतीसारखं मोजलं, बरोबर निघाला. २९० मिमी कापायला दीड-दोन मिनिटं लागली पाहिजेत. तार मधून काढल्यावर फोमवर केसासारखे बारीक धागे दिसले तर गरमाई बरोबर. फोम वितळून भेगा रुंद पडत असतील तर जास्त, तार मध्येच मागं राहून कमान होत असेल तर कमी. मागच्या पातळ कडेजवळ फोम फार लवकर वितळतो, तिथं ३ मिमी जाडी ठेवा. खिडक्या उघड्या, पंखा चालू, तो धूर चांगला नाही.

पंख बाहेर काढल्यावर वरचं आणि खालचं जे कवच उरतं ते फेकू नका!! पुढच्या पायरीला तेच लागतं. मी पहिल्यांदा झाडणाऱ्या मावशींना दिलं होतं.

५) पाइप, वायरचा रस्ता आणि मग बाल्साची कातडी

कातडी चढवायच्या आधी दोन गोष्टी आत गेल्या पाहिजेत, नंतर जाणार नाहीत.

पहिली, पाइपची म्यान. २० मिमीच्या पाइपवर प्लॅस्टिकची पिशवी एकदा गुंडाळा, त्यावर खाकी कागद इपॉक्सी लावत तीन-चार वेढे घ्या, वाळलं की पाइप ओढून काढा, नळी तयार. अशा दोन, प्रत्येकी ३०० मिमी. पंखात पुढच्या कडेपासून ९० मिमीवर खाच करून इपॉक्सीने बसवा, वरून-खालून बाल्साची पट्टी. मधले १०० मिमी बॉडीतून जातील. म्हणजे पंख दोन तुकड्यांत निघतो आणि मोटारसायकलवर मागं बसलेल्या माणसाच्या हातात मावतो. मागच्या बाजूला ६ मिमीची एक खुंटी द्या, नाहीतर पंख पाइपवर फिरतो.

दुसरी, सर्वोच्या वायरचा रस्ता. सोल्डरिंग आयर्नने खालच्या बाजूला नाली करा आणि आत दोरा टाकून ठेवा. मी दोरा विसरलो, मग सायकलचा स्पोक वाकवून तासभर आतून वायर ओढत बसलो.

आता कातडी. १.५ मिमीच्या तीन शीट कडेला कड लावून मास्किंग टेपने जोडा, उलटं करून जोडात गोंद, वाळू द्या, एक चादर तयार झाली. अशा चार. चादरीच्या आतल्या बाजूला लॅमिनेटिंग इपॉक्सी ओता आणि जुन्या एटीएम कार्डाने ओढून ओढून पातळ करा, इतकं की बाल्सा नुसता ओलसर चमकला पाहिजे. रेझिन-हार्डनर वजनाने मोजा, डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा. अर्ध्या पंखाच्या दोन्ही बाजूंना मिळून ६० ग्रॅमच्या वर इपॉक्सी गेलं तर तुम्ही जास्त ओतलंय. जास्त इपॉक्सीने ताकद वाढत नाही, वजन वाढतं, माझ्या पहिल्या पंखात दोनशे ग्रॅम नुसतं इपॉक्सी होतं.

मग खालचं कवच, त्यावर खालची चादर, पंख, वरची चादर, वरचं कवच, असं सँडविच ग्रॅनाइटच्या ओट्यावर. घरी ओटा मिळणार नसेल तर शहाबादी फरशी, पण सपाट आहे का पट्टी लावून बघा. वरून फळी आणि फळीवर पाण्याचे कॅन. चोवीस तास हात लावायचा नाही, थंडीत छत्तीस. इथं सँडविच जसं वाळेल तसाच पंख जन्मभर राहणार, ओटा पिळका असेल तर पंख पिळका.

वाळल्यावर पुढची पट्टी लावा, गोल घासा. बाहेरच्या बाजूला प्रत्येकी ४५० बाय ६५ चे एलरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडं कलंडवणाऱ्या हलत्या पट्ट्या, कापून काढा, उघड्या फोमवर ३ मिमी बाल्सा लावा, नायलॉनचे बिजागर. काट्यावर ठेवा.

६) बॉडी आणि शेपटी

बॉडी साधी खोक्यासारखी करा, १०० मिमी रुंद, १३० उंच, मागं निमुळती. कोपऱ्यांना १० बाय १० च्या बाल्साच्या काठ्या, बाजूंना ६ मिमीला कापलेला एक्सपीएस, आणि नाकापासून पंखाच्या मागच्या कडेपर्यंत आतून ३ मिमी प्लाय, त्यात मोठी भोकं पाडून हलका केलेला. पंखाच्या मागं प्लायचा एक तुकडाही नको.

मोटार ज्याला लागते ती फळी ६ मिमी बर्च प्लायची. फर्निचरचं कमर्शियल प्लाय घेऊ नका, जड असतं आणि थर सुटतात. फळी खाली २ अंश आणि वैमानिकाच्या उजवीकडं २ अंश कलती, इपॉक्सी, आतून त्रिकोणी बाल्सा, आणि बाजूने स्क्रू. नुसत्या गोंदावर विश्वास नको.

शेपटी ६ मिमी बाल्साची, पण भरीव नाही, चौकट करून आत तिरक्या पट्ट्या. आता गणित बघा. शेपटी गुरुत्वकेंद्रापासून आठशेच्या वर मिलिमीटर मागं आहे, बॅटरी तीनशे मिमी पुढं. शेपटीत १० ग्रॅम वाढले की नाकात सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम शिसं घालावं लागतं. शेपटीचा रंग, शेपटीचं चाक, शेपटीचा सर्वो, शेपटीला "जरा मजबूत असू दे" म्हणून लावलेली टेप, सगळ्याचं तिप्पट बिल नाकाला येतं. म्हणून सर्वो मागं बसवायचे नाहीत, पंखाखाली बसवून दांडीने मागं पोचायचं. दांडीला बाल्साची काठी आणि दोन टोकांना सायकलचे १४ गेजचे स्पोक दोऱ्याने आणि इपॉक्सीने बांधलेले. स्पोकला २ मिमीचे आटे आयतेच असतात.

पुढचे पाय ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची ४० मिमी रुंद पट्टी वाकवून, चाकं ९० मिमी, आपल्या माळावर छोटी चाकं दगडात अडकून विमान नाकावर पडतं. चाकाचा आस साधारण पंखाच्या पुढच्या कडेखाली.

वरची रंगीत प्लॅस्टिक फिल्म इस्त्रीने चढवताना इस्त्री कमी गरम, आणि एका जागी थांबायची नाही, बाल्साच्या खालचा थर्माकोल शंभर डिग्रीच्या आधीच मऊ पडतो. रंग वरून केशरी-पिवळा, खालून गडद. पांढरं-निळं फार देखणं दिसतं आणि आकाशात गेल्यावर दिसतच नाही.

७) मोटार, बॅटरी, सर्वो

शिकाऊ विमानाला किलोमागं २०० वॅट पुष्कळ, म्हणजे आपल्याला ६००. चार सेलची ५००० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, १४.८ व्होल्ट, म्हणजे चाळीसेक अँपिअर. मोटार ६५० केव्हीच्या (व्होल्टमागं मिनिटाला ६५० फेरे) आसपास, प्रॉप १४ बाय ७ इंची, ईएससी ६० अँपिअर. ईएससीतला बीईसी, म्हणजे रिसिव्हर आणि सर्वोला वीज देणारा भाग, स्विचिंग प्रकारचा ५ अँपिअरचा बघून घ्या, चार मोठे सर्वो एकदम हलले की छोटा बीईसी मान टाकतो आणि रिसिव्हर हवेत बंद पडतो. सर्वो मेटल गिअरचे, तीन-चार किलो जोराचे, बाल्सा-फोमच्या छोट्या विमानातले ९ ग्रॅमवाले इथं नको. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा सहा चॅनलचा पुरे.

लिपोबद्दल थोडक्यात, कारण हे माहीत असेलच: चार्जिंग ५ अँपिअरच्या वर नाही, बॅलन्स लीड (प्रत्येक सेल वेगळा बघणारी वायर) लावून, समोर बसून, फरशीवर. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. सेटिंग करताना प्रॉप काढलेला. १४ इंची प्रॉप उसाच्या कोयत्यासारखा आहे, बोट राहत नाही. आधी रिमोट चालू मग विमान, बंद करताना उलटं.

दिशा तपासा, मागं उभं राहून. स्टिक उजवीकडं तर उजवा एलरॉन वर. स्टिक आपल्याकडं ओढली तर एलेव्हेटर वर. हसू येईल पण पहिल्याच उड्डाणात उलट्या एलरॉनने पडलेली विमानं मी दोन बघितलीत. एलरॉन १५ मिमी वर १० खाली, एलेव्हेटर दोन्हीकडं १५, रडर (उभ्या शेपटीची हलती पट्टी) ३०. फेलसेफला, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला तर, थ्रॉटल शून्य, आणि प्रॉप काढून रिमोट बंद करून खात्री करा.

८) सीजी, म्हणजे गुरुत्वकेंद्र

पंखाच्या पुढच्या कडेपासून ८५ मिमीवर दोन्ही बाजूंना खूण करा, पहिल्या उड्डाणाला ७५ वर ठेवा. बॅटरी आत ठेवून, सगळं बंद करून, दोन बोटांवर खुणेपाशी उचला, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. नुसती बॅटरी पुढंमागं करून जमलं पाहिजे, शिसं लागत असेल तर परत पायरी ६ वाचा. उसात गेलेल्या विमानाचा सीजी मी नंतर मोजला, १२० मिमीवर होता. नाक जड असलेलं विमान वाईट उडतं, शेपटी जड असलेलं एकदाच उडतं.

९) कागदपत्रं आणि मैदान

"आपलं ड्रोन नाही ना" हे सगळ्यांचं पहिलं वाक्य. ड्रोन नियम २०२१ फक्त चार पंख्यांच्या यंत्राला नाहीत, त्यात एरोप्लेन हा प्रकार स्वतंत्र दिलाय. २ ते २५ किलो म्हणजे स्मॉल वर्ग, आपलं तीन किलोचं त्यात येतं. चांगली गोष्ट अशी की शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी, २५ किलोच्या आत, आणि डोळ्याला दिसेल एवढ्यातच उडवायचं मॉडेल असेल तर टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलच्या तपासणीचं सरकारी प्रमाणपत्र) लागत नाही. बाकीचे नियम, नोंदणीसकट, स्वतः वाचून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारू नका. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन साइटच्या नकाशावर आपली जागा हिरव्या भागात आहे का बघा, हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मर्यादा, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट.

मी एक फाइल केली आहे ती अशी: आधार कार्डाची झेरॉक्स, नकाशाचा प्रिंट, जमीनमालकाचं दोन ओळींचं संमतीपत्र, विमानाचा फोटो मापं आणि वजनासकट, आणि जवळच्या पोलीस स्टेशनला दिलेल्या अर्जाची पोच. पोच मागून घ्या, नुसतं "बरं बरं" वर परत येऊ नका. एकदा गस्तीची गाडी आली तेव्हा त्या फाइलमुळं दहा मिनिटांत विषय संपला, उलट दोघांनी फोटो काढून घेतले.

जागा म्हणाल तर कवलापूरच्या जुन्या धावपट्टीचं नाव सगळे काढतात, ती तुमची-माझी जागा नाही, परवानगीशिवाय जाऊ नका. मिरज पूर्व, कवठेमहांकाळकडं मुरमाड माळ भरपूर आहेत. पण ढालगावच्या बाजूला फार सरकू नका, तिथं पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. द्राक्षबागेपासून लांब, मांडवाच्या तारा लांबून दिसत नाहीत आणि पंख चिरतात, वर त्या एका घडाची किंमत मालक तुम्हाला सांगेल ती वेगळी. विजेची लाइन, गुरं, रस्ता, शाळा, सगळं बघून घ्या. ऊस तुटून गेलेली रानं जानेवारी-फेब्रुवारीत मोकळी असतात पण खोडकं राहिलेली असतात, चाकं मोडतात. तरी उसाची भीती असेलच तर रिसिव्हरच्या मोकळ्या चॅनलला शंभर-दीडशेचा बझर लावा, मी आता त्याशिवाय उडवत नाही.

१०) पहिलं उड्डाण

सकाळी साडेसहा-सात, वारा उठायच्या आत. सोबत एक माणूस, त्याचं काम फक्त घारी आणि माणसं बघायचं, मोबाइल खिशात. रेंज टेस्ट करा, तीस पावलं लांब जाऊन सगळे सर्वो हलतायत का. वाऱ्याच्या तोंडाला विमान ठेवा, थ्रॉटल हळूहळू, एकदम नाही, नाहीतर डावीकडं ओढतं. शेपटी आपोआप उचलेल, अजून थोडं धावू द्या, मग एलेव्हेटर जरासं. नाक आभाळाकडं करू नका. पन्नास मीटर उंचीवर गेलं की थ्रॉटल अर्धा, ट्रिम करा (स्टिक सोडली तरी सरळ जाईल असं रिमोटवर जुळवा), मोठे मोठे फेरे. उंचावर असतानाच एकदा थ्रॉटल कमी करून बघा किती हळू झाल्यावर नाक टाकतं, म्हणजे उतरताना त्याच्यापेक्षा जास्त वेग ठेवायचा हे कळतं.

टायमर आठ मिनिटांचा लावा, पहिल्यांदा पाच. उतरल्यावर सेल मोजा, ३.७ च्या खाली गेले असतील तर पुढच्या वेळी एक मिनिट कमी. पहिल्या दिवशी दोन उड्डाणं पुरेत, मध्ये मोटारचे स्क्रू, प्रॉपचं नट, बिजागर ओढून बघा, पाच मिनिटांच्या थरथरीत काय काय ढिलं होतं ते बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल.

घरी आल्यावर बॅटरी सेलमागं ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. आणि विमान गाडीत ठेवून नाष्ट्याला थांबू नका, एप्रिलमधली सांगली आणि बंद काचांची गाडी, मिसळ खाऊन परत येईपर्यंत माझ्या उजव्या पंखावर फोड आले होते, फिल्म अजून तशीच आहे, उडतंय तरी.